अंगतपंगतीला आयरिश पदार्थ नेताना

कार्यालयातल्या अंगतपंगतीसाठी पदार्थ निवडताना आपण चव पाहतो, नवेपणा पाहतो. वेळेचा हिशेब मात्र करत नाही. धारणीसारख्या तालुक्याच्या गावी हाच हिशेब सगळ्यांत महत्त्वाचा आहे. इथल्या पंचायत समितीत, प्रकल्प कार्यालयात, उपजिल्हा रुग्णालयात काम करणारी माणसं एका जागची नसतात. कुणी गावातच क्वार्टरमध्ये राहतं, कुणी हरिसालहून येतं, कुणी परतवाड्याहून सेमाडोहमार्गे घाट पार करून. सकाळी सातला भरलेला डबा दुपारी दीडला उघडतो. म्हणून अनुभवाने माझं मत असं झालं आहे की पदार्थ कोणत्या देशाचा हे मागाहून ठरवावं. तो उन्हात किती तास टिकेल हे आधी. आयरिश पदार्थ करून पाहण्याची हौस असेल तर ती जरूर पुरवावी. ते साधे आहेत आणि त्यांचं बहुतेक सामान आठवडी बाजारात मिळतं. पण त्यांतला प्रत्येक पदार्थ डब्यात घालण्याजोगा नाही.

आयर्लंड म्हटलं की आलू आठवतो. उकडलेला आलू कुस्करून त्यात दूध, लोणी आणि कांद्याची पात घातली की चॅम्प होतो. पातीऐवजी शिजवलेली पत्ताकोबी घातली की कोलकॅनन. करायला अगदी सोपे, चवीला सौम्य, आणि नेमके हेच दोन पदार्थ दूरच्या माणसाने आणू नयेत. ओलसर आलू, त्यात दूध, वर घट्ट झाकण: असा गोळा आतून फार हळू निवतो आणि कोमटपणातच तासन्‌तास राहतो. ५ ते ६० अंश सेल्सियस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा अमेरिकेच्या कृषी विभागाचा सल्ला आहे. १७ मार्चला, सेंट पॅट्रिकच्या सणाच्या दिवशी, आयर्लंडमध्ये थंडी असते. आपल्याकडे मार्च म्हणजे ऊन तापू लागण्याचे दिवस. तिथे निर्धोक असलेला पदार्थ इथेही तसाच राहील, हे गृहीत धरता येत नाही.

यावर हमखास म्हटलं जातं की दुपारी गरम करून घेऊ. गरम केल्याने जंतू मरतात हे खरं, पण काही जंतूंनी अन्नात सोडलेलं विष उकळूनही जात नाही. हाताळताना अन्नात शिरणारा स्टॅफिलोकॉकस आणि भातात वाढणारा बॅसिलस सेरेयस ही त्याची ठळक उदाहरणं. वास आणि चव ठीक लागली म्हणजे अन्न ठीक, हाही भरवसा धरू नये. एका घरात बिघडलेलं अन्न एका कुटुंबाला बाधतं. पंगतीत बिघडलेलं अख्ख्या कार्यालयाला. ज्या पदार्थाची खात्री नाही तो न आणणं हाच सहकाऱ्यांचा मान.

दूरच्या माणसासाठी मी सोडा ब्रेड सुचवेन. त्यात यीस्ट लागत नाही. उत्तर आयर्लंडमध्ये तो तव्यावरही भाजतात, त्यामुळे भट्टीचीही गरज नाही. चार वाट्या कणकेत चमचाभर खाण्याचा सोडा आणि चमचाभर मीठ नीट मिसळावं. आंबट ताक लागेल तसं घालून मऊ गोळा करावा. फार मळू नये. ताकातलं आम्ल आणि सोडा यांपासून वायू तयार होतो आणि पीठ फुगतं, म्हणून भिजवल्यावर थांबू नये. बोटभर जाड थापून, चार तुकडे कापून, मंद आचेवर दोन्ही बाजूंनी आतपर्यंत भाजावं. पूर्ण निवल्यावर कोरड्या फडक्यात बांधावं. नीट भाजल्यावर त्यात ओल कमी उरते, त्यामुळे दुपारपर्यंत काळजी नसते.

कुणी म्हणेल, हे तर रोडग्याचंच भावंड. मग आपली भाकरी काय वाईट? मुळीच वाईट नाही. ज्वारीची भाकरी, ठेचा, कोरडा झुणका याच कसोटीला उतरतात. दुसरा आक्षेप साधेपणाचा: कोरडी पोळीवजा वस्तू नेली तर कमीपणा वाटेल. पण पंगतीला दहा मानाचे पदार्थ लागत नाहीत, एकमेकांना पूरक असे लागतात. तेव्हा आदल्या दिवशीच वाटणी करावी. लांबून येणाऱ्यांनी सोडा ब्रेड, भाकरी, चटण्या, कोरडं काही आणावं. क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांनी चॅम्प, कुटकीचा भात, वरण, ताक ही ओली बाजू जेवणाच्या तासभर आधी करून गरम-गरम पोचवावी. उरलेलं ओलं अन्न घरी नेण्यासाठी पुन्हा डब्यात भरू नये. म्हणून ते मोजकंच करावं.