घटक ४ : एक वस्तरा, अनेक शब्द

इंग्रजीतील ‘शेव्ह’ हे क्रियापद केवळ गालापुरते नाही. लाकडाचा पातळ पापुद्रा काढणे, किमतीत थोडी कपात करणे, अगदी जवळून घासून जाणे, असे अनेक अर्थ ते वाहते. मराठीने हा शब्द घेताना त्यातील दाढीचा अर्थ तेवढा उचलला. उसन्या शब्दांचा असा अर्थसंकोच नेहमी आढळतो. साताऱ्यातील सलूनमध्ये ‘कटिंग’ म्हणजे केस कापणे. मुंबईच्या टपरीवर तोच शब्द अर्धा कप चहा होतो.

आता आपले शब्द पाहू. ‘दाढी’ हे केसांचे नाव. ती ‘राखली’ तर केस वाढतात, ‘केली’ तर उरत नाहीत. येथे अर्थाचा निर्णय नाम करीत नाही, क्रियापद करते. संस्कृतातील ‘श्मश्रु’ म्हणजे दाढीमिशा; मराठीत ‘श्मश्रू करणे’ म्हणजे त्या काढणे!

‘हजामत’ या शब्दाचा प्रवास अधिक लांबचा आहे. अरबी ‘हिजामा’ म्हणजे तुंबडी लावून रक्त काढणे. हे काम करणाराच वस्तराही चालवी. त्यामुळे शब्द इकडे रुळेपर्यंत रक्ताचा अर्थ गळाला व केसांचा उरला. पुढे ‘बिनपाण्याने हजामत करणे’ म्हणजे खरडपट्टी काढणे आणि ‘हजामती करणे’ म्हणजे निरर्थक उद्योग, असे अर्थ रूढ झाले. एका बलुतेदाराच्या कसबाचे नाव हेटाळणीसाठी वापरले गेले. या अर्थापकर्षाचे कारण भाषेत शोधून सापडणार नाही. ते जातिव्यवस्थेत आहे.

प्रसंगानुसारही शब्द बदलतो. तान्ह्याचे ‘जावळ’ काढतात, सुतकात ‘क्षौर’ होते. ‘वपन’ म्हणजे मुळात केस काढणे, एवढेच. परंतु ‘केशवपन’ म्हणताच विधवेवरील सक्ती डोळ्यांपुढे येते. ‘बोडका डोंगर’ हे साधे वर्णन आहे, ‘बोडकी’ हा मात्र स्त्रीला दिलेला घाव. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. ज्यांच्या व्यवसायाचे नाव समाज हिणवण्यासाठी वापरीत होता, त्यांनीच वस्तरा खाली ठेवला. कोशातील अर्थासोबत हा इतिहासही वाचावा.

स्वाध्याय : आपल्या गावातील वडीलधाऱ्यांशी बोलून केस काढण्याविषयीचे पाच शब्द मिळवा. प्रत्येक शब्द कोण, कोणाविषयी आणि कोणत्या प्रसंगी वापरतो, ते नोंदवा.