आयझेनहाइम : खाणकामगारांची एक जुनी वसाहत

दगडी कोळसा कोठें सांपडतो हें आपण भूगोलांत शिकतों. परंतु तो खणणारे राहतात कोठें, हें आपण क्वचितच विचारतों. म्हणून जर्मनींतील ओबरहाउझेन शहरांतल्या आयझेनहाइम वसाहतीची थोडी माहिती येथें देत आहों.

रूर नांवाच्या कोळसाप्रदेशांतील ही सर्वांत जुनी कामगार-वसाहत होय. १८४६ सालीं एका लोखंडाच्या कारखान्यानें आपल्या कामगारांसाठीं ती वसविली. पुढें ऑस्टरफेल्ड खाणीचे कामगारही तेथें राहूं लागले. १९०३ पर्यंत ५१ घरें उभीं राहिलीं. नंतरच्या घरांची रचना पाहण्याजोगी आहे. आंतील भिंती अधिक-चिन्हाप्रमाणें एकमेकींस छेदतात. त्यामुळें एका इमारतींत चार बिऱ्हाडें मावतात, आणि तरीही प्रत्येकास स्वतंत्र दार मिळतें. जोडीला भाजीची बाग, जनावरांसाठीं लहान गोठा व कपडे धुण्याचें सामायिक घर.

१९७० च्या सुमारास ही वसाहत पाडण्याचें घाटत होतें. रहिवासी केवळ भाडेकरू. तरी ते १९७२ मध्यें संघटित झाले. प्राध्यापक रोलांड ग्युंटर व त्यांचे विद्यार्थी त्यांच्या साह्यास धांवले, आणि वसाहत वांचली. त्यांतील ३८ घरें शिल्लक राहिलीं. एका जुन्या धुण्याच्या घरांत संग्रहालयही झालें.

घरें कारखान्यानें बांधिलीं खरीं. पण तीं राखिलीं शेजारधर्मानें, हें आम्हांस विशेष वाटतें.