शिवारातील जलचक्र : शालेय मुलांसाठी पाणलोटाचे तीन पाठ

पाठ्यपुस्तकातील जलचक्राच्या चित्रात समुद्र, ढग, डोंगर आणि नदी असते. मुलाच्या घरची विहीर मात्र नसते. बाष्पीभवन, संघनन आणि पर्जन्य हे शब्द पाठ होतात; परंतु एप्रिलमध्ये विहीर का आटते, याचे उत्तर त्यांतून मिळत नाही. ते उत्तर शिवारातच शोधावे लागते. विस्तार कार्यकर्ते व प्रगतिशील शेतकरी यांनी इयत्ता पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी पुढील तीन पाठ गावच्या शाळेत घ्यावेत.

पाठ पहिला : पाऊस मोजणे

सपाट बुडाचे व सरळ कडांचे भांडे झाडे आणि इमारतींपासून दूर, मोकळ्या जागी ठेवावे. दररोज सकाळी साडेआठ वाजता पट्टीने पाण्याची उंची मोजून नोंदवहीत लिहावी व भांडे रिकामे करावे. एक चौरस मीटर जागेवर पडलेला 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी, हे सूत्र मुलांकडूनच काढून घ्यावे. शाळेचे छप्पर 100 चौरस मीटर असेल, तर 20 मिलिमीटर पावसात त्यावर 2,000 लिटर पाणी पडते. हे पाणी गेले कोठे, या प्रश्नाने पहिला पाठ संपवावा.

पाठ दुसरा : माथ्यापासून पायथ्यापर्यंत

मुलांना गावाजवळच्या टेकडीच्या माथ्यावर न्यावे. ज्या रेषेच्या एका अंगाला पडलेले पाणी एका ओढ्यात आणि दुसऱ्या अंगाचे दुसऱ्या ओढ्यात जाते, ती जलविभाजक रेषा. तेथून उतरताना ओघळ, नाला, बांध, विहिरी आणि पाझर तलाव यांचा नकाशा मुलांनी स्वतः काढावा.

शाळेत परतल्यावर सारख्या उताराचे दोन ट्रे मांडावेत. एकात उघडी माती, दुसऱ्यात गवतासह उचललेली माती. दोन्हींवर झारीने सारखेच पाणी घालून खाली आलेल्या पाण्याचे माप व रंग यांची तुलना करावी.

माथ्यावर जे घडते त्याचे परिणाम दूर पायथ्याशी दिसतात, हे पटवण्यासाठी शिवालिक पायथ्याचे उदाहरण सांगावे. चंदीगडचा सुखना तलाव 1958 मध्ये बांधला गेला आणि काही वर्षांतच गाळाने भरू लागला. गाळाचा माग काढत मृदसंधारण शास्त्रज्ञ आजच्या हरियाणातील सुखोमाजरी गावाच्या उघड्या डोंगरांपर्यंत पोहोचले. तेथे 1976 पासून मातीचे लहान बंधारे बांधले गेले. त्यांच्या पाण्यात भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला वाटा मिळाला. मग गावकऱ्यांनी आपली गुरे स्वतःहून डोंगराबाहेर ठेवली; गवत व झाडे परतली आणि तेथून वाहून जाणारी माती घटली. ज्याला पाण्यात वाटा मिळाला, त्यानेच माथा राखला.

पाठ तिसरा : विहिरीचा हिशेब

मे महिन्याच्या अखेरीस आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये, पंप सुरू होण्यापूर्वी, विहिरीतील पाण्याची खोली दोरीने मोजावी. प्रत्यक्ष मोजणी मोठ्यांनी करावी. मुलांनी कठड्यापासून दूर राहून आकडे नोंदवावेत.

दख्खनच्या काळ्या कातळात पाणी प्रामुख्याने मुरमाच्या थरात व खडकाच्या भेगांत साठते. अशा मुरमाच्या 100 घनमीटर थरातून विहिरीला ढोबळमानाने 2 घनमीटर पाणी मिळते. म्हणजे एक हेक्टर जमिनीखालील पातळी एक मीटरने उतरली, तर हाती येते सुमारे 2 लाख लिटर पाणी. उलट एक हेक्टर गव्हाला 6 सेंटिमीटरची एक पाळी देण्यास 6 लाख लिटर लागतात. परत मुरणारे पाणी तूर्त बाजूला ठेवले, तर एका हेक्टरच्या एका पाळीसाठी तीन हेक्टर जमिनीखालील पाणी एक मीटरने खाली जाते. ते तीनही हेक्टर आपलेच असतात असे नाही, शेजाऱ्याचेही असतात. हा हिशेब फळ्यावर मांडताच, विहीर खाजगी असली तरी तिच्यातील पाणी सामायिक आहे, हे मुलांच्या ध्यानात येते.

नोंदींचा उपयोग

मुलांच्या नोंदी शाळेच्या भिंतीवरच राहू नयेत. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे उपलब्ध पाण्याचा ताळेबंद मांडून पिकांचे नियोजन केले जाते. त्याच धर्तीवर ऑक्टोबरच्या मोजणीनंतर, रब्बीची पेरणी ठरण्यापूर्वी, मुलांनी आपला तक्ता ग्रामसभेत वाचून दाखवावा. पातळी गतवर्षीपेक्षा खाली असेल, तर गहू की हरभरा, हा प्रश्न त्या तक्त्यातूनच सर्वांसमोर उभा राहील.

आज नोंदवही सांभाळणारे मूल उद्या नवी कूपनलिका घ्यावी की नाही, हे ठरवणार आहे. तो निर्णय घेताना त्याला माथ्यावरचा ओघळ आणि शेजाऱ्याची विहीर आठवली, तर हे पाठ सार्थकी लागले असे समजावे.