चाचणी कोणाची?

वर्गात घेतलेली चाचणी ही विद्यार्थ्याची असते, असे मी पुष्कळ वर्षे मानत आलो. गुगल क्लासरूमवर चाचण्या घेऊ लागल्यापासून मात्र ती शिक्षकाचीही असते, हे माझ्या ध्यानी आले.

या साधनाची सोय मोठी, यात शंका नाही. कोणी उत्तरे पाठवली, कोणाची राहिली, हे एका दृष्टिक्षेपात कळते. उत्तरसूची एकदा भरून ठेवली की गुगल फॉर्म्सवरील वस्तुनिष्ठ प्रश्नांचे गुण आपोआप पडतात. वाचलेला वेळ निबंधवजा उत्तरांना देता येतो. ते काम यंत्रावर सोपवून चालत नाही.

परंतु समासावरील एका चाचणीत माझ्या एका दृष्टिहीन विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका कोरी आली. मी शून्य गुण दिले आणि मनोमन शेराही मारला, 'अभ्यास नाही.' दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "सर, मला प्रश्न ऐकूच आले नाहीत."

तो एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतो. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ साली सुरू केलेली ही आज्ञावली विनामूल्य मिळते व पडद्यावरील मजकूर वाचून दाखवते. मात्र तिला अक्षरे हवीत. अक्षरांचे छायाचित्र तिच्या उपयोगाचे नाही. मी तर छापील प्रश्नपत्रिकेचा फोटोच चढवला होता! मग संगणकातील जुनी प्रत पाठवली, तीही निरुपयोगी ठरली. ती युनिकोडपूर्व फाँटमधील होती. अशा फाँटमध्ये डोळ्यांना 'क' दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे रोमन अक्षर किंवा एखादे चिन्ह असते. त्यामुळे कानावर पडते ती निरर्थक बडबड.

अखेर सारे प्रश्न युनिकोडमध्ये नव्याने टंकलिखित केले. 'जोड्या लावा'चा तक्ता मोडून एकेक प्रश्न स्वतंत्र दिला, वेळही वाढवला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यानेही परीक्षापद्धतीत असे बदल व जादा वेळ अपेक्षिला आहे. तेव्हा ही मेहरबानी नव्हे. त्याला दहापैकी आठ गुण पडले. मोबाइलच्या लहानशा पडद्यावर प्रश्न वाचणाऱ्या इतरांनाही हा मजकूर फोटोपेक्षा सोयीचा वाटला.

शून्य खोडून आठ लिहिताना वाटले, तो शून्य माझाच होता. आता चाचणी पाठवण्यापूर्वी मी ती एकदा डोळे मिटून ऐकतो. जिथे मी अडखळतो, तिथे आधी प्रश्न दुरुस्त करतो.