आज्ञावलीची पेटी आणि तिचा कर्णधार

२६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतील नेवार्क बंदरातून ‘आयडियल एक्स’ नावाचे जहाज ५८ मोठ्या पेट्या घेऊन ह्यूस्टनकडे निघाले. तोपर्यंत पोती, पिंपे व खोकी हमाल एकेक करून जहाजावर चढवीत असत. माल्कम मॅक्लीन याच्या या योजनेत माल एकदा पेटीत भरला, की यारीने ती पेटीच उचलावयाची. आत काय आहे हे यारीला ठाऊक असण्याचे कारण उरले नाही. पुढे संगणकशास्त्राने हीच कल्पना व तिचे ‘कंटेनर’ हे नावही उचलले.

संगणकावरील आज्ञावली कधीच एकटी नसते. तिला साहाय्यक आज्ञावलींचे संग्रह लागतात, आणि तेही ठराविक आवृत्तीचेच. म्हणून एका संगणकावर बिनचूक चालणारी आज्ञावली दुसऱ्यावर अडते. दोष पुष्कळदा तिच्यात नसून तिच्या परिसरात असतो. यावर उपाय असा, की आज्ञावलीबरोबर तिचा परिसरही पेटीत बांधून पाठवावा.

एका संगणकात अनेक आभासी संगणक निर्माण करण्याची रीत जुनी आहे; परंतु त्यांतील प्रत्येकाला स्वतःची संपूर्ण कार्यप्रणाली लागते. कंटेनर मात्र यजमान संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे ‘कर्नल’, वापरतो. एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे असावीत, प्रत्येकाची चूल वेगळी, पण आड एकच, तसाच हा प्रकार होय. त्यामुळे कंटेनर आकाराने लहान असतो व तत्काळ सुरू होतो. मात्र आडाचे पाणी बिघडले, तर सर्वच बिऱ्हाडांना धोका. म्हणून गाभ्याच्या सुरक्षिततेस येथे फार महत्त्व आहे.

लिनक्स कार्यप्रणालीत ही विभागणी मुख्यतः दोन यंत्रणा करतात. आज्ञावलीला काय दिसावे हे ‘नेमस्पेस’ ठरविते. तिने स्मृती व प्रक्रियाशक्ती किती वापरावी याची मर्यादा ‘सीग्रुप’ घालते. सीग्रुपचा समावेश लिनक्सच्या गाभ्यात २००८ साली झाला. २०१३ साली आलेल्या ‘डॉकर’ने पेटी बांधण्याची व पाठविण्याची सोपी रीत दिली. तीत प्रथम एक न बदलणारा साचा तयार होतो आणि त्यावरून हव्या तितक्या पेट्या निघतात.

एक पेटी सांभाळणे सोपे. शेकडो पेट्या अनेक संगणकांवर सांभाळणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे. या कामासाठी गूगलने २०१४ साली ‘कुबरनेटीस’ ही प्रणाली सर्वांसाठी खुली केली. या ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा, म्हणजेच आपल्या भाषेतील कर्णधार.

समजा, एखाद्या परीक्षा मंडळाला निकाल जाहीर करावयाचा आहे. व्यवस्थापक कर्णधाराला एकेक काम सांगत बसत नाही. ‘निकाल दाखविणाऱ्या आज्ञावलीच्या दहा प्रती सदैव चालू असाव्यात’ एवढीच इच्छित स्थिती तो लिहून ठेवतो. कर्णधार प्रत्यक्ष स्थिती त्या लेखाशी सतत ताडून पाहतो. मध्यरात्री एक संगणक बंद पडून तीन प्रती गेल्या, तर तो दुसऱ्या संगणकांवर तीन नव्या प्रती सुरू करतो. निकालाच्या दिवशी लाखो विद्यार्थी एकाच वेळी येतात. तेव्हा दहाच्या जागी चाळीस लिहावे, आणि गर्दी ओसरल्यावर पुन्हा दहा. हा बदल आपोआप व्हावा, अशी सोयही करता येते.

या साऱ्या सामर्थ्याचे मूळ एकच आहे: येथे कोणतीही पेटी अपरिहार्य नाही. बिघडलेली पेटी दुरुस्त न करता टाकून देतात व साच्यावरून नवी काढतात. परंतु याच कारणाने एक पथ्य कटाक्षाने पाळावे लागते. केवळ पेटीतच लिहिलेली माहिती पेटीबरोबर नष्ट होते. म्हणून विद्यार्थ्यांचे गुण पेटीबाहेरील कायम साठ्यातच ठेवले पाहिजेत, आणि त्या साठ्याची प्रतही वेगळी राखली पाहिजे. शिवाय बेरीज चुकविणारी आज्ञावली दहा पेट्यांत घातली, तर तीच चूक दहा ठिकाणी होईल. कर्णधार प्रतींची संख्या राखतो. त्यांतील उत्तर बरोबर आहे की नाही हे तपासण्याचे काम माणसाकडेच राहते.