शरीराची कणगी : अन्नापासून शक्ति कशी मिळते व कोठें सांठते

बैल किती काम करणार हें पाहून त्याला किती पेंड घालावयाची तें शेतकरी ठरवितो. नांगरणीच्या दिवसांत तो खुराक वाढवितो. बैल दावणीला उभा राहिला म्हणजे कमी करतो. हा हिशेब त्याला कोणी शिकवावा लागत नाहीं. परंतु घरच्या माणसांच्या पोटाचा हिशेब मात्र तो सहसा ठेवीत नाहीं. प्रस्तुत पाठांत आम्ही तोच मांडणार आहों.

हा हिशेब चुकला म्हणजे काय होतें, तें पाहण्यास मुंबईच्या उपनगरांतील दिंडोशीचें उदाहरण सोयीचें आहे. गोरेगांव व मालाड यांच्या पूर्वेस, डोंगराच्या पायथ्याशीं असलेलें हें साष्टी बेटांतील गांव. साष्टीचें मुख्य पीक भात. राब भाजणें, गुडघाभर चिखलांत चिखलणी करणें, दिवसभर वांकून लावणी करणें, मग कापणी, झोडणी. या कामाला शक्ति देणारें अन्न म्हणजे ताटभर भात. १९४९ सालीं शेजारीं आरे दुग्धवसाहत झाली, पुढें महामार्ग झाला, आणि आज दिंडोशींत उंच इमारती, कचेऱ्या व सत्र न्यायालय आहे. चिखलणी गेली, ताटांतला भात मात्र राहिला. जें दिंडोशीस घडलें तेंच ट्रॅक्टर, मळणीयंत्र व मोटारसायकल यांच्या योगानें आपल्या गांवींही घडत आहे.

अन्नाचें काय होतें ?

भात, भाकरी, बटाटा, साबुदाणा यांतील मुख्य भाग पिष्टाचा. पचनानंतर त्याची द्राक्षशर्करा होऊन ती रक्तांत मिसळते. डाळी, दूध, अंडीं, मासे यांतील प्रथिनांनीं मांस, रक्त व पाचक रस घडतात. तेल-तुपांतील स्निग्ध पदार्थ मुख्यतः सांठ्याचें जळण होत. अन्नांतील शक्ति उष्मांकांत मोजतात. एक ग्रॅम पिष्टापासून किंवा प्रथिनापासून सुमारें ४ उष्मांक मिळतात, एक ग्रॅम तेलापासून ९. म्हणून चमचाभर तेल अधिक पडलें तर तें डोळ्यांस दिसत नाहीं, पण हिशेबांत दिसतें.

रक्तांत एका वेळीं असणारी शर्करा किती ? सर्व शरीरांत मिळून सुमारें ५ ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा. ही घरांतील हातची रोकड होय. एकटा मेंदूच दिवसास सुमारें १२० ग्रॅम शर्करा खर्च करतो. तेव्हां ही रोकड सतत भरावी लागते. ती कोठून भरते हें समजण्यास घरांतील धान्याची सांठवण डोळ्यांपुढें आणावी.

कणगी आणि पेव

जेवणानंतर रक्तांत शर्करा वाढली म्हणजे स्वादुपिंड इन्सुलिन नांवाचा रस रक्तांत सोडतें. हा रस म्हणजे कोठाराच्या किल्ल्या संभाळणारा कारभारी. त्याच्या हुकुमानें शर्करा यकृतांत व स्नायूंत ग्लायकोजन या रूपानें सांठते. ही झाली कणगी. यकृतांत सुमारें १०० ग्रॅम व सर्व स्नायूंत मिळून सुमारें ४०० ग्रॅम एवढाच तिचा मापा. यकृताची कणगी सर्व घरासाठीं उघडी असते. रात्रीं आपण निजलों असतां तीच मेंदूस शर्करा पुरविते. स्नायूची कणगी मात्र त्याच्याच कामाची. शेजाऱ्यास ती उसनी मिळत नाहीं.

कणगी भरून उरलेलें जळण चरबीच्या रूपानें पेवांत जातें. एक किलो चरबींत सुमारें ७,७०० उष्मांक असतात. ज्याच्या अंगीं १० किलो चरबी आहे त्याच्यापाशीं महिनाभराच्या निर्वाहाएवढें जळण पुरलेलें आहे. उपास लांबला म्हणजे हें पेव उघडतें आणि चरबीपासून यकृत असें द्रव्य करतें कीं तें मेंदूसही चालतें. कांहीं प्रमाणांत स्नायूंचें प्रथिनही मोडून शर्करा करावी लागते. ती घराचे वासे काढून चूल पेटविण्यासारखी गोष्ट होय. ही सर्व व्यवस्था दुष्काळासाठीं आहे. मात्र एकादशीस साबुदाण्याच्या खिचडीनें कणगी पुन्हां पुन्हां भरणारानें पेव उघडण्याची अपेक्षा धरूं नये !

कष्ट गेल्यावर काय होतें ?

राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२० सालीं दिलेल्या प्रमाणाप्रमाणें ६५ किलो वजनाच्या पुरुषास बैठें काम असतां दिवसास २,११० उष्मांक पुरतात. मध्यम कष्टांस २,७१० व जड कष्टांस ३,४७० लागतात. पहिल्या व शेवटच्या आंकड्यांतील अंतर १,३६० उष्मांकांचें, म्हणजे सुमारें ३९० ग्रॅम तांदळाएवढें आहे. ट्रॅक्टरवर बसणारा मनुष्य नांगरामागें चालणाऱ्याइतकेंच जेवूं लागला तर त्या अंतराएवढें धान्य रोज पेवाकडे जावयाचें.

पेवासही मर्यादा आहे. त्वचेखालची जागा भरली म्हणजे चरबी पोटांत आंतड्यांभोवतीं व यकृतांत सांठूं लागते. मग स्नायु व यकृत इन्सुलिनचा हुकूम नीट मानीत नाहींत. स्वादुपिंड अधिकाधिक रस सोडतें आणि अखेर थकतें. शर्करा रक्तांतच तुंबते. हाच प्रौढपणीं येणारा मधुमेह. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें भारतांत सुमारें १०.१ कोटी लोकांस हा रोग होता. शहरांत शेंकडा १६.४ व खेड्यांत ८.९. खेड्याचा आंकडा लहान दिसला तरी तो वाचून स्वस्थ बसण्याजोगा नाहीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. काम करणारा स्नायु इन्सुलिनच्या हुकुमाची वाट न पाहतां रक्तांतील शर्करा स्वतःच ओढून घेतो. जेवणानंतर बांधावरून एक फेरी मारणें हा म्हणूनच नुसता शिष्टाचार नव्हे.

बारीक अंगाचा भरंवसा नाहीं

“आम्ही तर सडपातळ आहों, आम्हांस मधुमेह कसला ?” असें पुष्कळ जण म्हणतात. त्यांनीं पुण्याची हकीगत ऐकावी. तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं स्वतःचीच मोजणी प्रसिद्ध केली. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें. परंतु युडकिन यांच्या अंगांत चरबी शेंकडा ९.१, तर याज्ञिक यांच्या अंगांत २१.२ ! बाहेरून सारखीं दिसणारीं दोन पोतीं उघडलीं, तों एकांत दाणा जास्त व दुसऱ्यांत भुसा जास्त निघावा, तसा हा प्रकार.

याचें मूळ डॉ. याज्ञिक व त्यांचे सहकारी यांस शेतकऱ्यांच्याच घरांत सांपडलें. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गांवांतील स्त्रियांची व त्यांच्या मुलांची पाहणी त्यांनीं चालविली. त्या मुलांचें जन्मतः सरासरी वजन २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील साउथॅम्प्टन येथील मुलांचें ३.५ किलो. मुलें लहान, त्यांचे स्नायु कमी, पण त्वचेखालची चरबी त्या मानानें राखलेली. आईच्या पोटांत अन्न तुटपुंजें मिळालें असतां गर्भ स्नायूंत काटकसर करतो व चरबी राखतो. अशा शरीरास पुढें बैठें काम व भरपूर अन्न मिळालें म्हणजे मधुमेहाची भीति अधिक. त्याच पाहणींत आणखी आढळलें कीं, ज्या गर्भवती पालेभाज्या, फळें व दूध वारंवार घेत त्यांचीं मुलें वजनानें बरी होतीं, आणि ज्यांस शेतांत व घरांत अति कष्ट पडत त्यांचीं मुलें लहान होतीं.

मुंबईच्या झोपडवस्त्यांतही २००६ पासून असा प्रयोग झाला. ६,५०० हून अधिक स्त्रियांपैकीं निम्म्यांस गर्भधारणेच्या आधींपासून पालेभाजी, फळें व दूध घालून केलेला खाऊ रोज दिला. इतरांस बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. सर्व स्त्रिया एकत्र धरतां मुलांच्या वजनांत निश्चित असा फरक दिसला नाहीं. परंतु ज्यांनीं गर्भधारणेपूर्वीं निदान तीन महिने खाऊ सुरू केला होता त्यांचीं मुलें सरासरीनें ४८ ग्रॅम अधिक भरलीं. आणि गरोदरपणांतील मधुमेह शेंकडा १२.४ वरून ७.३ वर आला. बीं पेरल्यावर नव्हे, पेरण्याआधीं जमीन तयार करावी लागते, हें शेतकऱ्यास नवें सांगावयास नको.

घरीं काय करावें ?

पहिलें : खुराक कामाप्रमाणें असावा. यंत्रावर किंवा पेढीवर बसणारानें भात-भाकरी एका वाढ्यानें कमी करून त्या जागीं डाळ, उसळ व भाजी घ्यावी. लावणी-कापणीच्या दिवसांत जो खरोखर राबतो त्यानें मात्र पोट मारूं नये.

दुसरें : ज्याचें अंगमेहनतीचें काम सुटलें त्यानें रोज घाम येईपर्यंत चालावें किंवा कुदळ धरावी. स्नायु हीच शर्करेची मोठी कणगी आहे. ती वापरली तरच रिकामी होते.

तिसरें : परसांत शेवगा, बांधावर माठ व चवळी, पाटाच्या कडेस अळू लावावें. यास खर्च नाहीं.

चौथें, व सर्वांत महत्त्वाचें : सुना व मुली यांनीं मागें उरलेलें खाण्याची चाल मोडावी. डेअरीस दूध घालण्यापूर्वीं त्यांचा पेला आधीं काढून ठेवावा, आणि गर्भवतीच्या डोक्यावरचा हंडा व भारा घरांतील पुरुषानें उतरून घ्यावा.

गाभण गाईस आंबोण चुकवूं नये, हें आपण वाडवडिलांपासून पाळीत आलों. तीच दृष्टि स्वयंपाकघरांत नेली, तर पुढच्या पिढीच्या शरीराची कणगी नीट घडेल आणि तिला औषधाच्या दुकानाची वाट कमी चालावी लागेल.