चिलीची मतदार यादी

विद्यार्थ्यांनो, नकाशात दक्षिण अमेरिका शोधा. तिच्या पश्चिम किनाऱ्यावर एक लांब, अरुंद पट्टी दिसेल. तो चिली देश. तेथील मतदार यादीची ही हकीकत आहे.

११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने तेथील लोकनियुक्त सरकार उलथून टाकले. जनरल पिनोशे सत्तेवर आले. जुन्या मतदार याद्या नष्ट करण्यात आल्या. १९८० मध्ये नव्या राज्यघटनेवर लोकांचा कौल घेतला, तोही यादीशिवाय! मग कोणी किती वेळा मत दिले, हे कसे तपासणार?

१९८७ मध्ये नवी नोंदणी सुरू झाली. पिनोशे यांनी आणखी आठ वर्षे राहावे काय? 'होय' की 'नाही', एवढेच लोकांना सांगायचे होते. सुमारे ७४ लाख लोकांनी नावे नोंदवली. ५ ऑक्टोबर १९८८ रोजी त्यांतील सुमारे ९७ टक्के लोकांनी मतदान केले. 'नाही' जिंकले. मार्च १९९० मध्ये लोकांनी निवडलेले आयल्विन राष्ट्राध्यक्ष झाले.

आता यादी भराभर वाढेल, असे तुम्हांला वाटेल. तसे झाले नाही. नाव नोंदवणे ऐच्छिक होते. पण एकदा नोंदवले की जन्मभर मतदान सक्तीचे. मत दिले नाही तर दंड! (आपल्याकडे असा दंड नाही.) मग अठरा वर्षांची मुले कचेरीकडे कशाला फिरकतील? जुनीच नावे यादीत राहिली आणि त्यांच्याबरोबर यादीही म्हातारी होत गेली. १९८८ मध्ये यादीतील एक-तृतीयांशाहून अधिक मतदार तिशीच्या आतले होते. २००९ मध्ये ते एक-दशांशही उरले नाहीत.

तरुणांना देशाची पर्वा नव्हती काय? तसे म्हणता येत नाही. २००६ मध्ये तेथील शाळकरी मुलामुलींनी मोठे आंदोलन केले. बसचा मोफत पास द्या, प्रवेश परीक्षेची फी माफ करा, चांगले शिक्षण द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. गडद निळ्या-पांढऱ्या गणवेशामुळे लोक त्यांना 'पेंग्विन' म्हणत. ही मुले रस्त्यावर दिसत होती, पण मोठी झाल्यावर त्यांच्यापैकी कित्येक जण मतदार यादीत आले नाहीत. यादीत नसलेल्यांकडे उमेदवार मते मागायला तरी कशाला जातील?

२०१२ मध्ये कायदा उलटा केला. नावे आपोआप यादीत आली. मतदान ऐच्छिक झाले. त्या वर्षीच्या नगरपालिका निवडणुकीत निम्म्याहून कमी मतदार आले! सप्टेंबर २०२२ मध्ये नव्या राज्यघटनेच्या मसुद्यावर सक्तीचे मतदान झाले, तेव्हा ८५ टक्क्यांहून अधिक लोक आले. २०२३ पासून निवडणुकांत मतदान पुन्हा सक्तीचे आहे. नाव नोंदवायला मात्र आता कचेरीत जावे लागत नाही.